चरूची अदलाबदल

'गुड न्यूज' हा राज मेहता दिग्दर्शित हिंदी विनोदी चित्रपट २७ डिसेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला. मुंबईत राहणारे वरुण आणि दीप्ती बत्रा (अक्षय कुमार, करीना कपूर) हे सुखवस्तू जोडपे मूल होत नाही म्हणून टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांकडे वळते. त्याच केंद्रात चंदीगडचे हनी आणि मोनिका बत्रा (दिलजीत दोसांझ, कियारा अडवाणी) हेही उपचार घेत असतात. आडनाव एकच असल्यामुळे पुरुषबीजाच्या नमुन्यांची अदलाबदल होते. चूक ध्यानात येते तोवर दीप्तीच्या पोटात हनीच्या आणि मोनिकाच्या पोटात वरुणच्या बीजाचा गर्भ रुजलेला असतो. चित्रपटाचा पुढचा सगळा डोलारा या एका घोळावर उभा आहे.

वंध्यत्वावरील उपचारांत विनोदाला जागा भरपूर असते, हे चित्रपटकारांनी आधीच हेरले होते. बेन एल्टन या ब्रिटिश लेखक-दिग्दर्शकाने २००० साली 'मेबी बेबी' काढला तो स्वतःच्या कादंबरीवरून. त्यातला नवरा आपल्याच उपचारांवर चोरून पटकथा लिहितो आणि त्यासाठी बायकोची डायरी वाचतो. तारखेबरहुकूम होणारे मीलन, नमुन्याची डबी हातात घेऊन अवघडलेला पुरुष, 'काही विशेष?' असे विचारणारे नातेवाईक ही या चित्रपटांची ठरलेली सामग्री. 'गुड न्यूज'च्या पूर्वार्धातही ती आहे. मात्र नमुने बदलताच चित्रपट वेदनेवरून हक्कावर येतो: पोटातले मूल कोणाचे? बीज ज्याचे त्याचे, गर्भ जिने वाहिला तिचे, ज्यांनी मुलाची इच्छा धरली त्यांचे, की जे वाढवतील त्यांचे? भारतीय धर्मविचारात हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे एकच एक उत्तर तेथे कधीही ठरलेले नाही.

चित्रपटातल्या विनोदाचा खरा आधार वर्गभेद आहे. हनी आणि मोनिका मोठ्याने बोलणारे, भडक कपड्यांचे, मोकळ्या मनाचे. वरुण आणि दीप्ती इंग्रजाळलेले आणि नाक मुरडणारे. वरुणच्या संतापाचे मूळ कायद्यात किंवा वैद्यकात नाही. आपल्या घरात हनीसारखे मूल वाढणार, ही कल्पनाच त्याला सोसवत नाही. आवाजाची पट्टी, कपड्यांची निवड, हसण्याची तऱ्हा हे सारे बीजातून उतरते, असे तो न बोलता गृहीत धरतो. शूजित सरकार यांच्या 'विकी डोनर' (२०१२) या चित्रपटातला डॉक्टर चढ्ढा हेच गृहीतक उघडपणे मांडतो. उत्तम 'आर्य' बीज देणारा तरुण शोधण्याचा त्याला ध्यास लागलेला असतो. प्रेक्षक दोघांनाही हसतो. पण हे गृहीतक हसण्यावारी नेण्याइतके क्षीण नाही, कारण त्यामागे महाभारताचे आणि पुराणांचे बळ आहे.

ऋचीक ऋषीची कथा त्या दृष्टीने महत्त्वाची आहे. भृगुकुळातल्या ऋचीकाचा विवाह कान्यकुब्जाचा राजा गाधी याची कन्या सत्यवती हिच्याशी झाला. तिला पुत्र हवा होता आणि तिच्या आईलाही. ऋचीकाने मंत्रून दोन चरू (यज्ञासाठी शिजवलेले अन्न) तयार केले. पत्नीच्या चरूत ब्राह्मतेज होते, सासूच्या चरूत क्षात्रतेज. मायलेकींनी ते बदलून खाल्ले. शांतिपर्वात ही अदलाबदल नकळत होते. विष्णुपुराणात मात्र आईच मुलीला गळ घालते: प्रत्येकाला आपला मुलगा सर्वांत गुणी व्हावासा वाटतो, तेव्हा जावयाने चांगला चरू स्वतःच्या बायकोसाठीच केला असणार, शिवाय माझ्या मुलाला राज्य सांभाळायचे आहे, तुझ्या ब्राह्मण मुलाला एवढे बळ काय करायचे? वनपर्वात चरूबरोबर झाडेही येतात. एकीने पिंपळाला आणि दुसरीने उंबराला मिठी मारायची, आणि त्यातही गल्लत होते. ऋचीकाला हे कळल्यावर तो पत्नीला सांगतो की तिच्या पोटी उग्र क्षत्रिय वृत्तीचा मुलगा येईल. ती विनवणी करते: मुलगा शांत होऊ दे, हवे तर नातू तसा होवो. ऋषी मान्य करतो. मुलगा जमदग्नी होतो, नातू परशुराम. सत्यवतीच्या आईच्या पोटी जन्मलेला विश्वामित्र राजपुत्र असूनही तपाने ब्रह्मर्षी होतो.

महाराष्ट्रात या घराण्याची दैवते घरोघर माहीत आहेत. माहूरची रेणुका ही जमदग्नीची पत्नी, आणि कोकणाची भूमी समुद्रातून मागून घेणारा परशुराम तिचा मुलगा. चिपळूणजवळच्या लोटे परशुराम येथे त्याचे देवस्थान आहे. एवढ्या मोठ्या परंपरेच्या मुळाशी दोन वाट्यांची अदलाबदल आहे, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. तात्त्विकदृष्ट्या कथा बीजाची बाजू घेते. चरूत जे घातले ते मुलात उतरले. उदर कोणाचे, घर कोणाचे, संस्कार कोणते, यांनी त्यात बदल झाला नाही. सत्यवतीची विनवणीसुद्धा परिणाम टाळत नाही, एक पिढी पुढे ढकलते. वरुण बत्राची भीती शास्त्रशुद्ध म्हणावी ती या अर्थाने.

वनपर्वातच अशा घोळाची आणखी एक कथा आहे. युवनाश्व राजाला मूल नव्हते. ऋषींनी त्याच्या राणीसाठी मंत्रलेले पाणी कलशात भरून ठेवले आणि थकून सगळे झोपी गेले. रात्री तहानलेल्या राजाने हाका मारल्या, कोणी जागे झाले नाही, तेव्हा त्याने समोरचा कलश तोंडाला लावला. गर्भ त्यालाच राहिला आणि कालांतराने त्याची कूस फोडून मांधाता जन्मला. रात्रपाळीवरच्या हलगर्जीची याहून जुनी नोंद सापडणे कठीण. कथेची गंमत अशी की अदलाबदलीमुळे बीज आणि क्षेत्र एकाच पुरुषाच्या ठायी आले. मुलाला दूध कोण पाजणार हा प्रश्न मात्र उरला आणि तो इंद्राने आपले बोट बाळाच्या तोंडात देऊन सोडवला.

धर्मशास्त्राने हा वाद बीज आणि क्षेत्र याच शब्दांत मांडला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्याची चर्चा आहे आणि ती वाचताना मनूचे दोन आवाज ऐकू येतात. आधी तो बीजाला श्रेष्ठ ठरवतो: एकाच शेतात भात, मूग, तीळ पेरले तर जे पेरले तेच उगवते, जमीन आपले रूप पिकाला देत नाही. नंतर फळाच्या मालकीचा प्रश्न येतो आणि निकाल फिरतो. दुसऱ्याच्या गायीला आपल्या वळूपासून वासरू झाले तर ते गायीच्या धन्याचे. पुराने किंवा वाऱ्याने वाहून आलेले बी ज्याच्या शेतात रुजते, पीक त्याचे. पेरणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही. आधी करार झाला असेल तर दोघे वाटेकरी. म्हणजे स्वभाव बीजाचा, मालकी शेताची. पुत्रांच्या बारा प्रकारांतही हाच विचार चालू राहतो. औरस हा स्वतःचा. क्षेत्रज हा नियोगाने पत्नीच्या ठायी दुसऱ्याकडून झालेला. आणि गूढोत्पन्न हा घरात जन्मलेला पण कोणाचा हे ठाऊक नसलेला. गूढोत्पन्न ज्याच्या पत्नीला झाला त्याचाच मानावा, असे मनू सांगतो. बत्रा मंडळींचे प्रकरण त्याच्यापुढे आले असते तर वाऱ्याने वाहून आलेल्या बियाण्याचा नियम लावून त्याने ते झटपट निकाली काढले असते.

या मांडणीतला दोष उघड आहे. बीजवाला आणि शेतवाला हे दोन्ही दावेदार पुरुष आहेत. शेत म्हणजे स्त्री, आणि शेताला विचारण्याची पद्धत नसते. महाकाव्यात मात्र शेत बोलते, आणि तेथेच कथा शास्त्राच्या पुढे जाते. विचित्रवीर्य निपुत्रिक मेल्यावर सत्यवतीच्या (ही शांतनूची पत्नी) आज्ञेने व्यास नियोगासाठी येतो. अंबिका भयाने डोळे मिटते, अंबालिका पांढरीफटक पडते. धृतराष्ट्र आंधळा आणि पंडू फिकट जन्मतो. दुसऱ्यांदा जाण्याची आज्ञा होते तेव्हा अंबिका आपल्या जागी दासीला पाठवते आणि विदुर जन्मतो. येथे मुलांचे रूप ठरते ते आईच्या त्या क्षणीच्या प्रतिक्रियेने. बीज एकच, ऋषी एकच, आणि मुले तीन तऱ्हांची. मनूच्या भात-मुगाच्या दृष्टांताला व्यासाच्याच घरातून दिलेले हे उत्तर आहे.

पुढच्या पिढीत पंडू शापामुळे संतती जन्मास घालू शकत नाही. कुंती दुर्वासाच्या मंत्राने देवांना बोलावते आणि तिला तीन मुलगे होतात. पंडूला आणखी हवे असतात. कुंती ठाम नकार देते: आपत्कालातही तीनच्या पुढे जाण्याला शास्त्राचा आधार नाही. पंडूच्या आग्रहावरून ती माद्रीला मंत्र एकदाच देते, तर माद्री अश्विनीकुमारांना बोलावून एका मंत्रात जुळे पदरात पाडून घेते. पंडू पुन्हा शब्द टाकतो तेव्हा कुंती साफ सांगते की आपण फसवले गेलो, आता मंत्र मिळणार नाही. आदिपर्वातला हा प्रसंग विनोदाच्या अंगाने क्वचितच वाचला जातो, पण दोन सवतींच्या हिशेबातली ही कुरबूर लिहिताना महाभारतकार गंभीर होता असे मानणे अवघड आहे. पाचही मुले मात्र पांडव ठरतात. इरावती कर्वे यांनी 'युगांत'मध्ये युधिष्ठिराचा पिता विदुर असावा असा तर्क मांडला आणि देवांच्या पडद्यामागे कुळातला माणूस उभा केला. तो तर्क मान्य केला तरी हस्तिनापुराच्या वारसाहक्कात फरक पडत नाही. दुर्योधनाची तक्रार बीजावरून फारशी नव्हतीच, ती राज्यावरून होती.

आयुर्वेदाने हाच प्रश्न मालकीच्या कक्षेबाहेर नेला. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ कशापासून होतो यावर आत्रेय आणि भरद्वाज यांचा वाद आहे. आत्रेयाचे म्हणणे असे की गर्भ मातृज आहे, पितृज आहे, आत्मज आहे, सात्म्यज (शरीराला मानवणाऱ्या गोष्टींपासून झालेला) आणि रसजही आहे, आणि परलोकातून येऊन त्याला जोडले जाणारे सत्त्व म्हणजे मन हाही त्याचा घटक आहे. भरद्वाज एकेकावर हरकत घेतो. आईबापांमुळेच मूल होत असते तर मूल हवे असलेल्या सर्वांनाच ते झाले असते. आत्मा आत्म्याला जन्म देतो म्हणावे तर आधीच असलेला आत्मा पुन्हा जन्मेल कसा? माणसापासून माणूस होतो तर आंधळ्याची मुले आंधळी का होत नाहीत? आत्रेय उत्तर देतो की यांतला कोणताही एक घटक गर्भ घडवत नाही, सर्वांच्या संयोगाने तो घडतो. आणि बीजाचा जो भाग बिघडलेला असेल तेवढ्याच अवयवात बिघाड उतरतो.

यानंतर चरक वाटणी करून दाखवतो. त्वचा, रक्त, मांस, मेद, हृदय, यकृत ही आईकडून. केस, नखे, दात, हाडे, स्नायू बापाकडून. शरीराची वाढ आणि बळ रसातून, म्हणजे आईच्या आहारातून. आयुष्य, इंद्रिये आणि अमुक योनीत जन्म हे आत्म्यामुळे. आणि भक्ती, शील, शौच, द्वेष, स्मृती, शौर्य, भय, क्रोध ही सत्त्वामुळे. शेवटची यादी निर्णायक आहे. शौर्य आणि क्रोध, म्हणजे परशुरामाचे सारे वैशिष्ट्य, चरक बापाच्या खात्यात टाकत नाही. ते त्या जीवाने स्वतःबरोबर आणलेले असते. चरूची कथा आणि चरकाची वाटणी एकाच संस्कृतीत शेजारी शेजारी नांदल्या आणि त्यांचा मेळ घालण्याची गरज कोणाला वाटली नाही. आधुनिक अनुवंशशास्त्राने अवयवांची ही वाटणी निकालात काढली आहे. एकाच घटकाला सर्व श्रेय देऊ नये, हा तिच्यातला आग्रह मात्र आजही विचारात घेण्याजोगा आहे. कर्मसिद्धांत मानणाऱ्याला तर 'मूल कोणाचे' या प्रश्नाचे एक उत्तर 'त्याचे स्वतःचे' असे द्यावे लागते. सटवाई सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहिते, ही महाराष्ट्रातली समजूतही याच बाजूची आहे. ती लिहिते तेव्हा बीज कोणाचे याची चौकशी करत नाही.

तरीही मूल नसणे हा धार्मिक परंपरेत नुसता दुःखाचा विषय राहिला नाही, तो ऋणाचा विषय झाला. पितृऋण फेडायला पुत्र हवा, पिंड द्यायला पुत्र हवा. त्र्यंबकेश्वरला संततीसाठी नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी करण्याची प्रथा आहे, आणि उपचार केंद्राची फाईल काखेत धरून तेथे जाणारी जोडपीही असतात. मूल नसल्याचे खापर पूर्वजांच्या अतृप्तीवर किंवा सर्पदोषावर फोडण्यात एक कठोर बाब आहे: दोष शोधलाच जातो. वैद्यकीय तपासणी तेच वेगळ्या भाषेत करते. 'दोष कोणात आहे' हा नातेवाइकांचा प्रश्न दोन्हींकडे सारखाच राहतो आणि तो बहुधा सुनेच्या दिशेने विचारला जातो.

पिंडाच्या गरजेतूनच दत्तकाला मान्यता मिळाली. कलियुगात नियोग वर्ज्य ठरला आणि बारा पुत्रांपैकी औरस व दत्तक हे दोनच उरले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांचे सविस्तर विवेचन केले आहे. ज्याच्याशी रक्ताचा संबंध नाही असा मुलगा विधीने पूर्ण पुत्र होतो, हे मान्य करणे ही बीजवादाची मोठी माघार होती. इंग्रजी सत्तेने ती आपल्या सोयीपुरती उलटवली. १८४८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीच्या सरकारने राज्याचा वारस म्हणून नाकारला आणि सातारा खालसा केले. दत्तकाने पिंड द्यावा, खाजगी मालमत्ता घ्यावी, राज्य मात्र मिळणार नाही, अशी ती भूमिका होती.

पिंडाचा हक्क दत्तकाला बिनतक्रार मिळे असेही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतले होते. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. दत्तकाचा हक्क आणि स्त्रीचा अधिकार हे दोन प्रश्न त्या दिवशी एका कृतीत आले. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगच्या साथीत त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला.

दात्याच्या बीजाने होणारे आजचे मूल धर्मशास्त्राच्या वर्गवारीत कोठे बसते? दत्तक ते नव्हे. पतीचे औरसही नव्हे. लक्षणे पाहिली तर ते क्षेत्रज आहे, म्हणजे कलियुगात बंद केलेल्या दाराने परत आलेले. हिंदू परंपरेत यावर निवाडा देणारे एकच पीठ नसल्यामुळे तो निवाडा झाला नाही, आणि समाजाने तो मागितलाही नाही. घरात बाळ आले की बारसे होते, गोत्र बापाचे लागते.

इतर धर्मांत निवाडे झाले आहेत. रोमच्या धर्मपीठाने १९८७ मध्ये 'दोनुम विताए' या निवेदनात टेस्ट ट्यूब पद्धत पती-पत्नींच्या स्वतःच्या बीजांपुरतीही अमान्य केली, कारण मूल हे दांपत्याच्या मीलनातून यावे, प्रयोगशाळेतल्या कृतीतून येऊ नये, अशी त्यामागची भूमिका आहे. गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक कुटुंबांसमोर ही शिकवण आहे. सुन्नी परंपरेत कैरोच्या अल-अझहरने १९८० मध्ये विवाहातल्या दोघांच्या बीजांपुरता उपचार वैध मानला आणि तिसऱ्याचे बीज निषिद्ध ठरवले. वंशाची सरमिसळ हा तिथला मूळ आक्षेप. शिया परंपरेत इराणचे आयातुल्ला खामेनेई यांनी १९९९ मध्ये काही अटींवर दात्याचे बीज मान्य केले. यहुदी धर्मात मूल यहुदी ठरते ते आईमुळे. त्यामुळे स्त्रीबीज एकीचे आणि गर्भाशय दुसरीचे असेल तर आई कोणती, यावर रब्बींची मते विभागली आहेत. चारही ठिकाणी प्रश्न निरनिराळा आहे: कृतीचे पावित्र्य, वंशाची शुद्धता, अटींचे पालन, आईची ओळख.

भारतात हा उपचार १९७८ मध्येच पोहोचला होता. त्या वर्षी २५ जुलैला इंग्लंडमध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले आणि ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुसरे. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूला यश आले, ते बाळ भारतातले पहिले अधिकृत मानले गेले. मुखोपाध्यायांची कागदपत्रे तपासून श्रेय त्यांचेच असल्याचे पुढे आनंद कुमार यांनीच जाहीर केले. टेस्ट ट्यूब बाळाच्या जनकत्वाचा वाद असा डॉक्टरांतही झाला आणि तेथे मात्र तो प्रामाणिकपणे मिटला.

कायदा येण्यास २०२१ साल उजाडले. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार जन्मलेले मूल उपचार करवून घेणाऱ्या जोडप्याचे जैविक मूल मानले जाते आणि दात्याचे सर्व पालकीय हक्क संपतात. जैविक नसलेल्याला कायद्याने जैविक म्हणणे हा मनूच्या शेतमालकाचाच निकाल आहे. फरक एवढा की आता संमती स्त्रीचीही लागते. विवाहात जन्मलेले मूल पतीचे, हे गृहीतक १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कायम आहे. पती-पत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती हे सिद्ध केल्याखेरीज ते मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये एका खटल्यात हीच भूमिका पुन्हा मांडली आणि मुलाची डीएनए तपासणीची मागणी नाकारली.

संमतीवर उभा असलेला कायदा अदलाबदलीपुढे अडखळतो, कारण अदलाबदल म्हणजे संमतीचा अभाव. दीप्तीने उपचाराला संमती दिली होती, हनीच्या बीजाला नव्हे. चित्रपट येथे कायद्याकडे वळत नाही. गर्भपाताचा विचार पुढे येतो, मागे पडतो, आणि दीप्तीच्या तोंडी एक मोठे भाषण येते: गर्भारपणात शरीर काय काय सोसते, त्यापुढे पुरुषाचा वाटा किती, हे ती नवऱ्याला सुनावते. विनोदी चित्रपटाने तेवढ्यापुरता विनोद बाजूला ठेवलेला हा प्रसंग आहे आणि त्याचे वजन नाकारता येत नाही, जरी तो थोडा भाषणबाजीकडे झुकतो. बीज आणि क्षेत्र यांच्या वादात क्षेत्राने स्वतः मांडलेला तो दावा आहे. वरुण बदलतो तो युक्तिवादाने नव्हे, मूल जन्मल्यावर. पटकथेची ही सोय आहे, कारण जन्मलेल्या बाळासमोर कोणाही पटकथाकाराला कठोर राहता येत नाही. मोनिकाचा दावा दीप्तीइतकाच भक्कम असूनही तिला असे भाषण मिळत नाही. चित्रपट ज्या वर्गाची थट्टा करतो त्या वर्गाच्या तोंडी तो आपला विचार ठेवत नाही. समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय!' या मराठी चित्रपटाने, आणि त्यावर आधारलेल्या 'मिमी' (२०२१) या हिंदी विनोदी चित्रपटाने, गर्भ वाहणाऱ्या गरीब स्त्रीला मध्यभागी आणून ही उणीव काही अंशी भरून काढली.

प्रत्यक्षात असा खटला इंग्लंडमध्ये झाला. लीड्स येथे उपचार घेणाऱ्या एका गोऱ्या जोडप्याला २००२ मध्ये मिश्रवर्णी जुळी मुले झाली. त्याच केंद्रातल्या दुसऱ्या जोडप्यातील पुरुषाचे बीज चुकून वापरले गेले होते. २००३ मध्ये न्यायमूर्ती डेम एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांनी निकाल दिला. जन्मदात्रीच्या पतीने या बीजाला संमती दिलेली नव्हती, म्हणून उपचार-कायद्यानुसार तो पिता ठरत नाही, आणि विवाहावरून होणारे गृहीतक डीएनए तपासणीने खोडले गेले. कायद्याने पिता बीजाचा मालकच. मुले मात्र ज्या घरी जन्मली त्याच घरी राहिली. त्या घरातल्या पुरुषाला पालकत्व कायदेशीर करून घेण्यासाठी न्यायालयाने दाखवलेल्या वाटांमध्ये एक वाट होती दत्तक घेण्याची.